आशा सुटलेल्या माणसाचं काय करायचं? : ‘डिस्पेअर’ या शब्दाचा इतिहास



इंग्रजीतला एकच शब्द घेऊन पलूससारख्या गावात तासभर बोलायचं, हे ऐकून काहींना नवल वाटलं असेल. आपल्याकडं ऊस आहे, द्राक्षं आहेत, कृष्णेचा पूर आहे, कुंडलचा स्वातंत्र्यलढा आहे. हे सगळं सोडून ‘डिस्पेअर’ कशाला? कारण सांगतो. हा शब्द आपल्याकडं नुसता शब्दकोशातून आला नाही, तो कायद्यातून आला. पोलीस ठाण्याच्या डायरीतून, मॅजिस्ट्रेटच्या नोटिशीतून आला. आशा सुटलेल्या माणसाचं काय करायचं, याचं एक उत्तर या शब्दाच्या पोटात आहे, आणि ते उत्तर दीडशेहून जास्त वर्षं इथल्या माणसांवर चाललं. त्याच प्रश्नाची आपल्या भाषेतही काही उत्तरं होती. ती काय होती, हे दोन्ही शेजारी ठेवून बघू या.

सुरुवात शब्दापासून. लॅटिनमध्ये आशेला ‘स्पेस’ म्हणतात आणि आशा धरण्याला ‘स्पेरारे’. त्याच्या आधी ‘दे’ हा उपसर्ग लागला की ‘देस्पेरारे’, म्हणजे आशेपासून दूर होणं, आशा सोडणं. तिथून जुन्या फ्रेंचमध्ये आणि फ्रेंचमधून चौदाव्या शतकात इंग्रजीत ‘डिस्पेअर’ आला. याच ‘स्पेरारे’पासून स्पॅनिश भाषेत ‘एस्पेरार’ हे क्रियापद झालं. त्याचे अर्थ दोन : आशा धरणं आणि वाट पाहणं. आपल्याकडं पावसाची वाट बघणारा शेतकरी आणि पावसाची आशा धरणारा शेतकरी एकच असतो, तसंच हे.

इंग्रजांकडं या गोष्टीसाठी आधी स्वतःचा घरचा शब्द होता, ‘वॉनहोप’. ‘वॉन’ म्हणजे उणं, कमी पडलेलं. उणी झालेली आशा म्हणजे वॉनहोप. चौसर हा कवी चौदाव्या शतकाच्या अखेरीस ‘कँटरबरी टेल्स’ लिहीत होता, त्यातल्या पाद्र्याच्या प्रवचनात हा शब्द येतो. पुढं तो मागं पडला आणि लॅटिन घराण्यातला ‘डिस्पेअर’ राहिला. शब्द असे मरतात तेव्हा त्यांच्याबरोबर एखादी नजरही जाते. ‘उणी झालेली’ आशा भरून काढता येते. ‘सोडलेली’ आशा म्हटली की सोडणारा कोण, हा प्रश्न उभा राहतो.

आणि नेमका तोच प्रश्न चर्चनं विचारला. ख्रिस्ती धर्मात तीन मोठे सद्गुण मानले आहेत. मराठी बायबलमध्ये ते विश्वास, आशा आणि प्रीती असे येतात. आशा हा सद्गुण ठरला की आशा सोडणं हे पाप ठरणार, ते ओघानंच आलं. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस या धर्मपंडितानं यावर स्वतंत्र विचार मांडला. त्याचा आशय असा की देवाची दया आपल्यापर्यंत पोचणारच नाही असं धरून चालणं म्हणजे देवाकडं पाठ फिरवणं, आणि म्हणून ते पाप आहे. प्रवचनकार यासाठी येशूच्या दोन शिष्यांचं उदाहरण देत. पीटरनं येशूला ओळखत नाही म्हणून तीनदा सांगितलं, ज्यूडासनं त्याला पकडून दिलं. चूक दोघांचीही. पीटर रडला आणि परत आला, ज्यूडासनं क्षमेची आशाच टाकली आणि स्वतःला संपवलं. त्या काळच्या उपदेशकांच्या मते ज्यूडासचा विश्वासघात मोठाच, पण त्याहून मोठं पाप म्हणजे त्यानं आशा सोडली हे.

आता यातली व्याकरणाची गोष्ट लक्षात घ्या. इंग्रजीत ‘डिस्पेअर’ हे क्रियापद आहे. माणूस ते *करतो*. जे माणूस करतो त्याचा जाब त्याला विचारता येतो. एका दुःखी माणसाच्या अवस्थेचं कृत्यात रूपांतर झालं आणि कृत्य म्हटलं की शिक्षा आलीच.

ती आलीही. इंग्लंडच्या जुन्या कायद्यात स्वतःचा जीव घेणाऱ्याला स्वतःविरुद्धचा गुन्हेगार मानत. त्याची मालमत्ता राजा जप्त करी, म्हणजे शिक्षा मागं राहिलेल्या बायकापोरांना. त्याला चर्चच्या आवारात जागा नसे, चव्हाट्यावरच्या रस्त्यात पुरत. रस्त्यात पुरण्याची ती चाल १८२३ च्या कायद्यानं थांबली. मालमत्तेची जप्ती १८७० मध्ये बंद झाली. आणि आत्महत्येचा प्रयत्न हा इंग्लंडमध्ये गुन्हा नाही, असं ठरायला १९६१ साल उजाडावं लागलं.

या मधल्या काळात तोच कायदा जहाजात बसून इकडं आला. मेकॉलेच्या अध्यक्षतेखालच्या आयोगानं १८३७ मध्ये दंडसंहितेचा मसुदा केला, १८६० मध्ये तो कायदा झाला आणि १ जानेवारी १८६२ पासून अमलात आला. त्यातलं कलम ३०९ आत्महत्येच्या प्रयत्नाचं. शिक्षा एक वर्षापर्यंतची साधी कैद. म्हणजे बघा, ज्याचा जीव वाचला त्याच्या दवाखान्यातल्या खाटेशेजारी पोलीस जबाब घ्यायला उभा. घरच्यांची पहिली धावपळ ‘केस होऊ नये’ म्हणून. चक्कर आली, औषध चुकून घेतलं, पाय घसरला, असं काहीतरी सांगायचं. खेड्यापाड्यात हे किती झालं असेल, ते इथं बसलेल्या वडीलधाऱ्यांना आम्ही सांगायला नको. खरं दुखणं डॉक्टरपासूनही लपलं, ही त्या कलमाची सर्वांत मोठी हानी.

ही झाली एक शाखा. या शब्दाची दुसरी शाखा म्हणजे ‘डेस्परेट’. मूळ अर्थ तोच, आशा सुटलेला. पण ज्याला आशा नाही त्याला गमावण्याचं भय नाही आणि ज्याला भय नाही तो काहीही करील, अशा पायऱ्यांनी या शब्दाचा अर्थ ‘बेफाम, धोकादायक’ असा झाला. सतराव्या शतकात इंग्रजांनी त्याला स्पॅनिश थाटाची शेपटी लावून ‘डेस्पेराडो’ असा शब्द बनवला, म्हणजे जिवाची पर्वा नसलेला दरोडेखोर. पाश्चात्य घोडेस्वारांच्या सिनेमांतून तो आपल्यापर्यंतही पोचला आहे.

आणि हाही शब्द कायद्यात बसला. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ११० आहे. सराईत चोर, चोरीचा माल घेणारे वगैरेंची यादी दिल्यावर शेवटी एक वर्ग येतो : जो इतका ‘डेस्परेट’ आणि धोकादायक आहे की त्याला जामिनाशिवाय मोकळा ठेवणं समाजाला घातक, असा माणूस. त्यानं गुन्हा केलेला असायला पाहिजे असं नाही, तो *तसा आहे* एवढं पुरे. हे कलम संहितेच्या आठव्या प्रकरणात, म्हणजे चॅप्टरमध्ये होतं. म्हणून आपल्याकडं त्याला ‘चॅप्टर केस’ म्हणतात. निवडणूक आली, गणपती आले की ‘त्याच्यावर चॅप्टर घातली’ हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. १९७३ च्या संहितेतही हा शब्द राहिला आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही तो आहे. एका लॅटिन शब्दाच्या दोन मुली. एकीनं खचलेल्या माणसाला आरोपी केलं, दुसरीनं त्याला धोकादायक म्हटलं.

आता आपल्या घरात येऊ.

संस्कृतमधला ‘निराश’ हा शब्द ‘डिस्पेअर’च्याच घडणीचा. ‘निस्’ हा उपसर्ग आणि ‘आशा’. ‘हताश’ म्हणजे जिची आशा मारली गेली तो. म्हणजे मालमसाला तोच. पण बांधलेलं घर बघा किती निराळं. दुःखी, खचलेला हा अर्थ संस्कृतात होताच, त्याच्या जोडीला दुसराही होता : ज्याला कशाची अपेक्षा उरलेली नाही आणि म्हणून जो मोकळा झाला, तो. गीतेत तिसऱ्या, चौथ्या आणि सहाव्या अध्यायात ‘निराशी’ हा शब्द येतो, तो चांगल्या माणसाचं लक्षण म्हणून.

याची गोष्ट भागवताच्या अकराव्या स्कंधात आहे. विदेह नगरीत पिंगला नावाची वेश्या राहात होती. एका रात्री ती दारात गिऱ्हाइकाची वाट बघत उभी राहिली. हा येईल, तो येईल, करता करता मध्यरात्र झाली. कोणी आलं नाही. मग तिच्या मनानं ती आशाच टाकली, आणि ती आत जाऊन शांत झोपली. अवधूतानं आपले चोवीस गुरू सांगितले त्यात ही पिंगला आहे. एकनाथांनी या अकराव्या स्कंधावर मराठीत टीका लिहिली, ती काशीत १५७३ मध्ये पुरी झाली आणि पिंगलेची गोष्ट मराठी घराघरांत गेली. तो अवधूत म्हणजे दत्तात्रेय, अशी परंपरा आहे. आपल्या तालुक्यात औदुंबर आहे, त्यामुळं दत्ताच्या चोवीस गुरूंची यादी इथल्या पुष्कळांना पाठ असेल. पण त्या यादीत आशा सोडणारी एक बाई *गुरू* म्हणून बसली आहे, ही गोष्ट आपण थांबून बघत नाही. युरोपात त्याच सुमाराला आशा सोडणं हे महापाप होतं.

म्हणून पाद्री मंडळी जेव्हा मराठीत बायबल आणू लागली तेव्हा एक पेच होता. त्यांना सद्गुण म्हणून ‘आशा’ हा शब्द घ्यावा लागला, आणि मराठी संतांच्या परंपरेत आशा म्हणजे माणसाला जखडून ठेवणारी बेडी. ज्याला एका बाजूनं बेडी म्हटलं त्याला दुसऱ्या बाजूनं आधार म्हटलं. आज आपण बोलताना ‘आशा’ हा शब्द बहुतेक आधाराच्या अर्थानं वापरतो आणि ‘निराश’ हा फक्त खचलेल्याच्या अर्थानं. पिंगलेचा अर्थ पोथीत राहिला.

पण आम्हाला वाटतं, यापेक्षाही मोलाचं ते पोथीबाहेर, बोलण्यात आहे. आपली माणसं ‘मी निराश झालो’ असं घरात फारसं म्हणत नाहीत. ती काय म्हणतात? ‘धीर सुटला.’ ‘अवसान गळालं.’ ‘पार खचला बघा.’ ‘हातपाय गाळले.’ ‘हाय खाल्ली.’ खचते कोण? विहीर खचते, नदीचा काठ खचतो, पावसानं जुनी भिंत खचते. आपल्या नदीकाठच्या गावांना हे सांगायला नको. काठ खचला तर आपण काठाला दोष देत नाही, पाणी कुठून घुसलं ते बघतो. ‘त्याचा धीर सुटला’ या वाक्यात कर्ता कोण आहे? धीर. माणूस नाही. ‘हाय खाल्ली’ यात माणूस कर्ता दिसतो खरा, पण ते खाणं ‘मार खाणं’, ‘ठेच खाणं’ या जातीचं. लागलेलं सोसणं. म्हणजे आपल्या बोलीच्या व्याकरणात हे कृत्य नाही, ते माणसावर आलेलं संकट आहे. इंग्रजी क्रियापदानं जे दार पापाकडं उघडलं, ते मराठी वाक्यरचनेनं उघडलं नाही.

फारसी-अरबीतूनही काही शब्द आले. वर्तमानपत्रात दर अवकाळी पावसानंतर मथळा असतो, ‘द्राक्षबागायतदार हवालदिल’. यातला ‘हवाल’ हा हालहवाल नव्हे. अरबी ‘हौल’ म्हणजे धास्ती आणि फारसी ‘दिल’ म्हणजे काळीज. धास्तीनं काळजात धडधड झालेला, तो हवालदिल. तयार घडावर पाऊस पडताना बघणाऱ्या माणसाचं याहून नेमकं वर्णन दुसरं नाही. तसाच ‘नाउमेद’. यातली ‘उमेद’ फारसी. आज गावोगावी बचत गटातल्या बाया ‘उमेदची मीटिंग आहे’ म्हणून जातात. राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाचं ते नाव. उमेद इथं गटानं, महिन्याच्या महिन्याला, थोडी थोडी जमा करायची गोष्ट आहे, हे त्यातलं विशेष.

इथपर्यंत ऐकून कोणी म्हणेल, म्हणजे इंग्रजांचं सगळं वाईट आणि आपलं सगळं चांगलं! तसं नाही, मित्रहो. आपल्या धर्मशास्त्रांनीही स्वतःचा जीव घेणाऱ्याला तिलांजली नाकारली, त्याला पातकी म्हटलं. आणि जिवंत माणसाला टोचून टोचून त्याचा धीर सोडवण्यात आपला समाज कधीच मागं नव्हता. याची साक्ष आपल्याच तालुक्यातली आहे आणि ती ‘गुरुचरित्रा’त आहे. सतराव्या अध्यायातली गोष्ट. करवीरला, म्हणजे कोल्हापूरला, एका विद्वान ब्राह्मणाच्या घरी मंदबुद्धीचा मुलगा जन्मला. आईबाप वारले. मुंज झाली तरी विद्या येईना. लोक त्याला रोज घालूनपाडून बोलायचे. बाप केवढा पंडित, आणि तू हा असा दगड, जगून करतोस काय! शेवटी तो घर सोडून निघाला आणि भिलवडीच्या भुवनेश्वरीच्या देवळात येऊन उपाशी बसला. तीन दिवस देवी बोलली नाही, तेव्हा त्यानं आपली जीभ कापून तिच्या पायाशी ठेवली आणि आता जीवही देतो म्हणाला.

ही गोष्ट आपण दत्तमहात्म्य म्हणून ऐकत आलो. एकदा खचलेल्या पोराची गोष्ट म्हणून ऐका. देवी त्याला काय सांगते? पापी म्हणत नाही, भित्रा म्हणत नाही, समजूतही घालत नाही. ती स्वप्नात येऊन एवढंच सांगते, नदीच्या पलीकडं औदुंबराखाली एक यती बसले आहेत, त्यांच्याकडं जा. तो नदी ओलांडून नृसिंह सरस्वतींकडं जातो आणि तिथं त्याला जीभही मिळते, विद्याही मिळते. चमत्कार मानायचा की नाही, हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग. पण गोष्ट सांगणाऱ्यानं उपाय कोणता सांगितला ते नीट बघा. लोकांच्या बोलण्यानं खचलेल्याला जागेवरून उठवून, ऐकून घेईल अशा दुसऱ्या माणसापर्यंत पोचवायचं. उपदेश त्याच्या आधी एका शब्दाचाही नाही.

दुसरी साक्ष अलीकडची, विसाव्या शतकातली. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगाव सोडून कुंडल रोड स्टेशनजवळच्या उजाड माळावर कारखाना आणला. जमीन औंध संस्थानची, राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी दिलेली. ती आपली किर्लोस्करवाडी. त्या वसाहतीच्या राखणीला लक्ष्मणरावांनी कोण नेमले? तुरुंगात शिक्षा भोगून आलेली माणसं. ब्रिटिश मुलखातल्या कलम ११० च्या नजरेनं पाहिलं तर ज्यांना जामिनाशिवाय मोकळं ठेवू नये, नेमक्या अशांच्या हाती रात्रीचा पहारा दिला. पुढं याच औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसलं, १९३९ च्या सुमाराला. मॉरिस फ्रीडमन हे पोलंडचे इंजिनिअर त्या काळात औंधात होते, त्यांचा यात मोठा वाटा. कैद्यांना कुलूप नाही, भिंत नाही. कसायला जमीन आणि राहायला बायकापोरांसह घर. व्ही. शांतारामांचा १९५७ चा ‘दो आँखें बारह हाथ’ या प्रयोगावरून सुचला, आणि त्याची कथा लिहिली ती आटपाडीकडच्याच ग. दि. माडगूळकरांनी. ज्याला गमावण्यासारखं काही नाही तो धोकादायक, असं इंग्रजी शब्द म्हणत होता. औंधनं त्याचा अर्थ सरळ लावला : मग त्याला गमावण्यासारखं काहीतरी द्या.

तिसरी गोष्ट कुंडलची. १९४२ च्या सप्टेंबरात ९ तारखेला वडूजला आणि १० तारखेला इस्लामपूरला मोर्च्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या. पुढारी तुरुंगात, कार्यकर्ते भूमिगत, चळवळ थंडावलेली. धीर सुटायला याहून जास्त काय लागतं? त्यानंतर क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार उभं राहिलं. कुंडलच्या जी. डी. बापू लाडांच्या तुफान सेनेनं ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ सरकारी पगाराची गाडी लुटली. सरकारी चष्म्यातून हे डेस्परेट लोक. आपण त्यांना ‘जिवावर उदार झालेले’ म्हणतो. भाषांतराला दोन्ही शब्द चालतील, पण आतला अर्थ उलटा आहे. एकात आशा संपल्यामुळं जीव स्वस्त झालेला आहे. दुसऱ्यात आशेपायी जीव द्यायची *उदारता* आहे. पोलिसाला बाहेरून दोघं सारखेच दिसतात.

आता शेवटचा टप्पा, कायदा बदलल्याचा. १९८६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं कलम ३०९ घटनाबाह्य ठरवलं. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या एका पीठानं तेच म्हटलं, पण १९९६ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठानं ते कलम पुन्हा वैध ठरवलं. मग आला मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७. तो २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याचं कलम ११५ सांगतं की आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरा, उलट सिद्ध होत नसेल तर त्याच्यावर खटला भरू नका, आणि त्याची काळजी, उपचार व पुनर्वसन हे सरकारचं कर्तव्य आहे. १ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता आली, तीत जुनं ३०९ नाही. सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न एवढाच गुन्हा उरला. म्हणजे १८६२ ला आलेली गोष्ट जायला १६२ वर्षं लागली.

हा बदल गावात किती जणांना माहीत आहे? आम्ही जिथं जिथं हा विषय बोलतो तिथं लोक अजून दबक्या आवाजात विचारतात, ‘केस होते ना?’ कायदा गेला, भीती मागं राहिली. म्हणून आज इथून जाताना एवढं तरी घेऊन जा. घरात, भावकीत, शेजारी असं काही घडलं तर खरं सांगा, डॉक्टरला खरं सांगा. लपवल्यानं वाचलेला माणूस पुन्हा एकटा पडतो.

आणि दुसरं, ते आपल्या जिभेचं. कायद्याच्या पुस्तकातून एक कलम काढता आलं, पण त्या पोराला करवीरच्या लोकांनी जे ऐकवलं ते आजही आपण ऐकवतो. बारावीत कमी मार्क पडलेल्या मुलीला, स्पर्धा परीक्षेत चौथ्यांदा राहिलेल्या मुलाला, कर्जात बुडालेल्या भावाला. ‘तुझ्या वयात आम्ही…’, ‘मर्दासारखा मर्द आणि रडतोस काय’, ‘शेजारच्याचं बघ’. ही वाक्यं म्हणजे मराठीतलं कलम ३०९. त्यात माणूस पुन्हा कर्ता होतो, म्हणजे पुन्हा आरोपी होतो.

आपल्याच भाषेत याहून बरी वाक्यं आहेत. खचलेल्याला ‘धीर दे’ म्हणतो आपण. धीर ही देता येण्यासारखी वस्तू आहे, असं ही भाषा मानते. ज्याचा सुटला त्यानं तो स्वतःच शोधून आणावा असं ती म्हणत नाही. ज्याच्याकडं आहे त्यानं द्यायचा. त्यासाठी फार बोलायला लागत नाही. जाऊन बसायचं, ‘जेवलास का?’ विचारायचं, सांगेल ते ऐकायचं आणि आपल्या आवाक्याबाहेरचं वाटलं तर त्याला पलीकडच्या तीरावर, म्हणजे डॉक्टरकडं किंवा समुपदेशकाकडं घेऊन जायचं. ‘जा’ म्हणून सांगण्यापेक्षा बरोबर जायचं. सरकारची टेलि-मानस ही फोनसेवा आहे, नंबर १४४१६, रात्रंदिवस चालते, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. स्वतःसाठी करा किंवा दुसऱ्याची काळजी वाटते म्हणून करा. इथं वह्या आणलेल्या मुलांनी बाकी काही लिहून घेतलं नसेल तर तो नंबर तेवढा लिहून घ्यावा.

 आता प्रश्न असतील तर विचारा.